झेंडू रस्त्यावर ओततो आपण, मग वाळवायची फुलं का लावत नाही?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात एक फोटो ठरलेला असतो, मोंढ्याबाहेर रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग आणि त्यात तोंड घालणारी जनावरं. खाली दोन ओळी, भाव पडले, शेतकरी हवालदिल, आणि विषय पुढच्या दसऱ्यापर्यंत बंद. भाव का पडतो हे सगळ्यांना माहितीय, सगळ्यांचा माल त्याच चार दिवसात येतो आणि ते फूल दोन दिवसाच्या वर टिकत नाही, म्हणून व्यापारी म्हणेल त्या भावात द्यावं लागतं, नाही दिलं तर टेम्पोचं भाडं पण अंगावर. तो फोटो छापलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या शेजारी छापण्यासारखी एक गोष्ट कधीच छापून येत नाही म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांब झालंय, शक्य असेल तर पूर्ण छापा.

काही फुलं वाळवण्यासाठीच लावायची असतात. तोडायची, वाळवायची, खोक्यात भरून ठेवायची आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा विकायची, वर्षभराने सुद्धा. रंग राहतो, आकार राहतो. जगभर ही शेती चालते, आपल्या देशातून सुद्धा वाळलेली फुलं आणि फुलांचं सजावटीचं साहित्य मोठ्या प्रमाणावर बाहेर जातं, तमिळनाडूत तुतिकोरीन आणि बंगालमध्ये कलकत्ता ही त्याची जुनी ठिकाणं. आता गंमत बघा, ही दोन्ही गावं दमट हवेची. आणि ज्या भागात थंडीत कपडे दोरीवर टाकले की तासाभरात वाळतात, त्या मराठवाड्यात हे पीक कुणी धरत नाही! आपल्याकडं सरासरी पाऊस साधारण ६८० मिमी, तोही कधी पडतो कधी नाही, २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं हे सगळ्या देशाने पाहिलं. कोरडेपणाच्या नावाने आपण आयुष्यभर रडतो पण दिवाळीपासून होळीपर्यंतची आपली कोरडी हवा हीच या फुलांना लागते, तीही फुकट. कोकणातल्या माणसाला हेच करायचं तर बहुतेक ड्रायर घ्यावा लागेल.

मी अंबाजोगाई तालुक्यातली, थोडी कोरडवाहू, थोडी विहिरीवरची जमीन आहे. काही वर्षांपासून ज्वारीच्या शेजारी थोड्या तुकड्यात ही फुलं लावतेय त्यामुळे जे लिहितेय ते हाताने केलेलं आहे, यूट्यूबवर बघून नाही.

सगळ्यात आधी हेलिक्रायसम. नर्सरीवाले पेपर फ्लॉवर पण म्हणतात, पण त्या नावाने काही ठिकाणी बोगनवेल देतात म्हणून बी घेताना हेलिक्रायसम असंच सांगा, इंग्रजीत स्ट्रॉ फ्लॉवर. मूळचं ऑस्ट्रेलियातलं झाड, त्यामुळे ऊन आणि हलकी जमीन त्याला मानवते. त्याच्या ज्या रंगीत पाकळ्या आपल्याला दिसतात त्या खऱ्या पाकळ्या नसतातच, फुलाच्या भोवतीची ती कोरडी पानं असतात, खरी फुलं मधे बारीक पिवळी. कांद्याच्या वरच्या पापुद्र्यासारख्या त्या झाडावर असतानाच निम्म्या वाळलेल्या असतात, हात लावला की कुरकुर वाजतात. त्यांच्यात पाणी जवळपास नाहीच तर सुकून आकसणार काय? म्हणून गुलाब वाळवला की काळपट आणि चुरगळलेला होतो पण हे फूल जसंच्या तसं राहतं. पिवळा, केशरी, लाल, गुलाबी चांगले टिकतात, पांढरा कालांतराने सायीच्या रंगावर जातो. अजून एक, वाळलेलं फूल सुद्धा हवा दमट झाली की मिटतं आणि कोरडी झाली की परत उघडतं. पावसाळ्यात घरात ठेवलेली फुलं मिटली तर खराब झाली समजून फेकू नका.

बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर बिया. आणि त्याला उगवायला उजेड लागतो म्हणून मातीत पुरायचं नाही, ट्रेमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर) नुसतं टाकायचं, हलकं दाबायचं आणि फवाऱ्याने पाणी द्यायचं. आता सगळ्यात महत्त्वाचं. पाकिटावर आणि नेटवर जे लिहिलेलं असतं ना, मार्च-एप्रिलमध्ये पेरा, ते थंड देशातलं आहे, तिकडं बर्फ संपल्यावर हंगाम सुरू होतो. आपल्याकडं मार्चमध्ये पेरलं तर फुलायच्या वेळेला मे महिना येतो आणि झाड करपतं. आपल्याला उलटं करायचं. महालक्ष्म्या उठल्या की ट्रे भरायचे, म्हणजे सप्टेंबर ते दसऱ्याच्या आसपास, चार-पाच आठवड्याचं रोप दिवाळीच्या मागेपुढे शेतात, म्हणजे जानेवारीपासून फूल सुरू होतं आणि ऊन तापेपर्यंत चालतं. लावताना फूट-सव्वाफुटाचं अंतर ठेवा. मुरमाड जमीन असेल तर उत्तम. काळ्या जमिनीत गादीवाफा आणि ठिबक पाहिजेच, पाणी साचलं की मूळ सडतं आणि अख्खी ओळ बसते. युरिया जास्त टाकू नका, झाड माजतं, देठ मऊ पडतो आणि फुलाला धरत नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, फांद्या वाढतात.

तोडणीवर सगळं अवलंबून आहे हे मी दहा वेळा सांगेन. फूल पूर्ण उमलायची वाट बघायची नाही! बाहेरच्या एक-दोन ओळी उघडल्या आणि मधला भाग अजून झाकलेला आहे तेव्हाच कापायचं, कारण कापल्यानंतर वाळता वाळता ते उमलत राहतं. पूर्ण उमललेलं कापलं तर दोन आठवड्यांनी पाकळ्या मागे वळतात, मधला भाग तपकिरी होऊन विस्कटतो आणि कापूस उडतो, तो माल कुणी घेत नाही. सकाळी दव उडाल्यावर कापा, ओलं फूल जुडीत गेलं की बुरशी ठरलेली. दुसरी अडचण मानेची, वाळल्यावर फुलाखालचा देठ इतका बारीक होतो की डोकं लटकतं. त्यावर जुना उपाय आहे, ताज्या फुलात खालून बारीक तार घालायची, वरून बाहेर काढायची नाही, वाळताना फूल त्या तारेला घट्ट धरतं. हे काम वेळखाऊ आहे पण बायका गप्पा मारत करतात. आणि तार नको असेल तर नुसती डोकी खुडून ताजी असतानाच सुई-दोऱ्यात ओवून टाका, वाळली की तोरण तयार. माझ्या मते आपल्याकडं खपायला हेच सगळ्यात सोपं आहे.

दुसरं गोम्फ्रेना, गोल गोल जांभळं फूल, कुणी बटण फूल म्हणतं. हे आपल्या बायकांना नवीन नाही, बऱ्याच अंगणात आहे, फक्त ते वाळवून विकता येतं हे कुणाच्या डोक्यात नाही. तमिळनाडूत याला वाडामल्ली म्हणतात आणि हारासाठी शेतात लावतात. ऊन, कमी पाणी, हलकी जमीन, सगळं चालतं. जूनमध्ये पेरलं की ऑगस्टपासून फूल. पण पावसाळ्यातलं फूल वाळवायच्या नादी लागू नका, ते ताजं हारात घाला, वाळवायला परतीचा पाऊस गेल्यानंतरचा बहार ठेवा. आणि याची तोडणी हेलिक्रायसमच्या बरोबर उलटी, फूल पूर्ण भरल्यावरच कापायचं, कच्चं कापलं तर आकसतं. देठ मजबूत, तार लागत नाही.

स्टॅटिस थंडीचं पीक, त्याचा निळा-जांभळा रंग फार चांगला टिकतो. झुपक्यातली बहुतेक फुलं उघडली की कापायचं. पेरणी हेलिक्रायसमबरोबरच.

आणि आता ज्याच्यासाठी मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, कुरडू. हो, तेच कुरडू जे सोयाबीनमध्ये येतं आणि खुरपून आपण बांधावर फेकतो. कोवळं असताना त्याची भाजी करतो, मग विसरतो. त्याचा तो पांढरा-गुलाबी तुरा वाळवून बघा, महिनोन्महिने तसाच राहतो. बागेतलं कोंबडा नावाचं फूल त्याच्याच जातीचं, माणसाने रंगरूपासाठी वाढवलेलं, आणि परदेशात सिलोशिया नावाने त्याच्या जुड्या फुलांच्या दुकानात विकल्या जातात. म्हणजे ज्या गवताच्या खुरपणीला आपण मजुरी देतो त्याचाच भाऊबंद तिकडं पैसे देऊन घेतात. शेतात वाढवा असं मी म्हणत नाही, पिकात ते नकोच, बी पडलं तर पुढची कित्येक वर्षं त्रास, पण पडीक कोपऱ्यात, नाल्याच्या कडेला आलेलं बी पडायच्या आधी कापलं तर दोन्ही कामं होतात. वाळवताना खाली पेपर अंथरा, काळं चकचकीत बी बरंच पडतं, ते परत शेतात जाऊ देऊ नका.

असंच करडईचं. करडई तर मराठवाड्याची, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं परभणी कुसुम वाण जुन्या शेतकऱ्यांना माहितीय. करडईचं बोंड उमलायला लागलं की फांदीसकट कापून वाळवलं तर केशरी रंग बरेच दिवस राहतो, युरोप-जपानात फुलदाणीसाठी म्हणूनच ती लावतात. काट्याची भीती वाटत असेल तर बिनकाट्याचे वाण आहेत, फलटणच्या निंबकर संस्थेचं नारी-६ त्यातलंच. बाजरीची कणसं, राळ्याची लोंबी, जवसाची बोंडं, फुटलेल्या कापसाच्या बोंडासकट पऱ्हाटीची फांदी, हे सगळं पुण्या-मुंबईत सजावटीच्या दुकानात पैसे देऊन घेतात आणि आपण पऱ्हाटी जाळतो.

वाळवायला काही लागत नाही. पानं काढायची, आठ-दहा काड्यांची जुडी, दोरीऐवजी रबर लावायचं कारण देठ वाळून बारीक होतात आणि दोरीतून जुडी निसटते, आणि उलटं टांगायचं. अंधार पाहिजे आणि वारा खेळता पाहिजे. उन्हात वाळवण घालायची आपली सवय इथं चालत नाही, उन्हाने रंग उडतो. ज्यांच्याकडं अजून माळवदाचं घर आहे त्यांनी तर विचारूच नये, जाड भिंती, अंधारी खोली, तुळईला दोरी बांधली की झालं. माळवदं पाडून पत्रे टाकायची घाई चाललीय सगळीकडं, पडायच्या आधी एखादी खोली या कामाला लावून बघा. थंडीत दोन-तीन आठवड्यात माल तयार. देठ कट्कन मोडला पाहिजे, वाकला तर अजून ओला आहे. अर्धवट वाळलेलं खोक्यात भरलं की अख्ख्या खोक्याला बुरशी. पावसाळ्यात पत्र्याच्या कोठीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, मधून मधून उघडून किडे झालेत का बघायचं, आणि उंदरापासून जपायचं.

आता विकायचं कुणाला, हा खरा प्रश्न, आणि इथं मला खोटी आशा दाखवायची नाही. इमू झालं, सफेद मुसळी झाली, बी आमच्याकडून घ्या माल आम्हीच उचलू म्हणणारे आले आणि गेले. त्यामुळे कुणी हेलिक्रायसमचं बी महागात देऊन बायबॅकची गॅरंटी देत असेल तर दारातूनच परत पाठवा. एक्स्पोर्टचं नाव पहिल्या वर्षी काढूच नका, त्याला एकसारखा माल, मोठा माल आणि पॅकिंग लागतं. एक-दोन गुंठे लावा, आणि लावायच्या आधी गिऱ्हाईक शोधा. कुठं? संभाजीनगर, लातूर, नांदेडचे डेकोरेशनवाले. रेझिनचे दागिने, की-चेन करणाऱ्या पोरी, त्या आज पुण्यातून नाहीतर ऑनलाइन वाळलेली फुलं मागवतात. राखी बनवणारे बचत गट. वेरूळ-अजिंठ्याला येणारे पर्यटक, त्यांच्या बॅगेत झेंडू जाऊ शकत नाही पण वाळलेल्या फुलांचा छोटा गुच्छ जातो, वजन काहीच नाही.

आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपणच आहोत. आपल्याकडं महालक्ष्म्या बसतात तेव्हा मखराला काय असतं? प्लास्टिकची फुलं. राज्यात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तरी ही फुलं बाजारात तशीच आहेत, फूल उत्पादक कधीपासून बंदी मागतायत, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. बंदी पाहिजेच, माझाही पाठिंबा आहे. पण नुसत्या बंदीने काय होणार, भाद्रपदात पावसात ताजी फुलं एवढे दिवस टिकत नाहीत म्हणून तर बायका प्लास्टिक घेतात. त्या जागी फेब्रुवारीत वाळवून ठेवलेली तोरणं असतील तर त्या आनंदाने घेतील, मी आमच्या गावात देऊन बघितली, दुसऱ्या वर्षी मागून नेली. कुणी म्हणतं वाळलेलं फूल देवाला चालत नाही. बरोबर आहे, वाहायला ताजंच पाहिजे, शेवंती-झेंडूच पाहिजे, त्यांची जागा ही फुलं घेत नाहीत. पण मखराच्या कमानीला जर प्लास्टिक चालतं तर शेतात उगवलेलं फूल नक्कीच चालेल.

बाजारात मिळणाऱ्या वाळलेल्या फुलांबद्दल पण बोलते. बरीच ब्लीच करून भडक रंगात बुडवलेली असतात, चमकी मारलेली, हिरवी-निळी गवतं. ते बघून लोकांना वाटतं वाळलेली फुलं म्हणजे हेच. मला ते अजिबात आवडत नाही आणि आपल्या लोकांनी त्या वाटेला जाऊ नये असं मनापासून वाटतं. ज्या फुलाचा स्वतःचा रंग टिकतो त्याला रंगवायचं कशाला.

हे काम बायकांच्या हातात राहिलं पाहिजे असंही मला वाटतं. लावणी, तोडणी, जुड्या, ओवणी, सगळं हलकं आणि बरंचसं सावलीतलं काम, ऊसतोडीला न गेलेल्या म्हाताऱ्या बायकांना, शाळेतून आल्यावर मदत करणाऱ्या पोरींना जमणारं. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कारखान्याला जातं, मागे राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं, आणि नेमका तोच या फुलांचा हंगाम आहे. याने स्थलांतर थांबेल असलं काही मी म्हणत नाही. पण मागे राहिलेल्या सासूच्या हातात चार पैसे येतील आणि ते तिचे स्वतःचे असतील.

मी एका कृषी कार्यालयात याची माहिती विचारायला गेले होते तर साहेब म्हणाले, ताई, हे काय पीक आहे का. त्यांचाही दोष नाही, त्यांच्या पुस्तकात नसेल. पण कुणीतरी ते पुस्तकात आणलं पाहिजे ना. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीत आहे, फुलांवरची केंद्रीय संशोधन संस्था पुण्यातच आहे, लखनौच्या एनबीआरआय या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत फुलं वाळवायचं तंत्र शिकवतात. या तिघांची एकमेकांशी गाठ घालून द्यायचं काम मला एकटीला जमणार नाही, पेपरला जमेल. माझी मागणी साधी आहे, पॉलिहाऊस नको, अनुदान नको. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात दोन गुंठ्याचा प्लॉट लावा, हलक्या जमिनीत आणि काळ्या जमिनीत वेगवेगळा, कुठली जात आपल्या उन्हात टिकते ते बघा, आणि आठही जिल्ह्यांसाठी मराठीत एक पानाचं पेरणी कॅलेंडर काढा. बचत गटाच्या बायकांना एक दिवस तोडणी आणि तार घालायचं शिकवा, तेवढं पुरे.

आणि तुम्हाला विनंती, तुमच्या शेती पानावर हे कॅलेंडर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात छापा. दिवाळीत छापलं तर उपयोग नाही, तोपर्यंत रोपं शेतात गेलेली पाहिजेत.

आपली,
एक वाचक व शेतकरी महिला
ता. अंबाजोगाई, जि. बीड